न केलेल्या कर्माचे फळ

एखादी गोष्ट करावयाचे आपण सोडून दिले, म्हणजे तिच्या परिणामांतून आपण मोकळे झालो, अशी सर्वसाधारण समजूत असते. निसर्गाविषयी तर, मनुष्याने आपला हात काढून घेतला की सारे आपोआप ठीक होईल, असे सज्जनांनाही वाटते. ही समजूत कितपत खरी आहे, हे एका पाणथळ भूमीच्या उदाहरणावरून पाहू.

गोड्या पाण्याचे उथळ तळे कधीही एका स्थितीत राहत नाही. आरंभी त्यात शेवाळ व पाण्याखालीच राहणाऱ्या वनस्पती वाढतात. त्या कुजून तळाशी गाळ साचतो, पाणी उथळ होते, आणि कमळे व कुमुदिनी तेथे जागा घेतात. तळ आणखी वर आला की पाणकणीस व लव्हाळे येतात. मग गवत, आणि शेवटी कोरड्या भूमीवरील झाडे. प्रत्येक पिढी आपल्याच देहाने पुढच्या पिढीची भूमी तयार करते आणि स्वतः तेथून नाहीशी होते. पूर, अवर्षण किंवा चरणारी जनावरे यांमुळे मात्र हा क्रम थांबतो, क्वचित मागेही फिरतो.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव घना नावाचे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पक्ष्यांचे उद्यान आहे. अठराव्या शतकात बांधलेल्या अजान बांधाचे पाणी येऊन येथील सखल भूमी पाणथळ झाली. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरत आणि भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या तेथे चरत. पुढे राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ च्या नोव्हेंबरात चराई बंद करण्यात आली. पक्ष्यांना उपद्रव होऊ नये, हा हेतू शुद्धच होता. ग्रामस्थांनी विरोध केला. पोलिसांचा गोळीबार झाला आणि काहीजण प्राणास मुकले.

पुढे घडले ते विपरीत. म्हशी पाण्यात शिरून जे गवत खात, ते पॅस्पेलम जातीचे गवत अनिर्बंध माजले. त्याने उघडे पाणी झाकून टाकले आणि अनेक पाणपक्ष्यांची जागा आकुंचित झाली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संशोधकांनी दीर्घकाळ निरीक्षण करून निष्कर्ष काढला की, म्हशींचे चरणे या पाणथळीस उपकारकच होते. नंतर गवत कापून नेण्यासाठी ग्रामस्थांना परवाने मिळाले. गेलेले जीव मात्र परत आले नाहीत.

यावरून सर्वत्र चराई खुली करावी, असे कोणी समजू नये. अति चराईने उजाड झालेली राने आपण पाहतोच. सांगावयाचे ते एवढेच की, हात आवरणे हेही एक कर्मच आहे, आणि त्याचेही फळ असते. गीतेने कर्माबरोबर अकर्माचेही स्वरूप जाणून घेण्यास सांगितले आहे, ते उगाच नव्हे.

येथे कोणी म्हणेल, फळाकडे पाहू नये, असाच तर गीतेचा उपदेश आहे! परंतु फळाची आसक्ती वेगळी आणि फळाची परीक्षा वेगळी. ज्याला आसक्ती असते, त्याला आपलाच निर्णय खरा ठरावा असे वाटते. म्हणून विपरीत फळ समोर दिसले तरी तो डोळे मिटून घेतो. अनासक्त मनुष्यच ‘माझे चुकले’ असे म्हणून मार्ग बदलू शकतो. शुद्ध हेतू हा कर्माचा आरंभ आहे. ज्ञान आणि नम्रता यांवाचून ते कर्म पूर्ण होत नाही.

गृहस्थाश्रमातही हेच नाही का? मुलाच्या चुकीवर पित्याने धरलेले मौन किंवा भावांच्या कलहात वडीलधाऱ्याने घेतलेले अलिप्तपण नेहमीच निर्दोष नसते. तेथेही गवत वाढतच असते. म्हणून काही करण्यापूर्वी जितका विचार करावयाचा, तितकाच ते सोडण्यापूर्वीही करावा. आणि जे त्या भूमीवर पिढ्यानपिढ्या वावरले, त्यांना आधी विचारावे.