गोळी घरात, जबाबदारी कोणाची?

वाशीची खाडी ओलांडली की मुंबईच्या बाजूला देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था लागते. या संस्थेच्या आणि अमेरिकेतील गुटमाखर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी मिळून काढलेला एक अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी ७३ टक्के रुग्णालय-दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले.

या आकड्यामागची बाई तुर्भ्याच्या वस्तीत राहणारी असेल, किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करून पीजीवर परतणारी. पाळी चुकते, घरच्या चाचणीत दोन रेघा उमटतात आणि पाच गोळ्यांचे पाकीट कोणाकडून तरी मागवले जाते. रक्तस्राव किती होणे ठीक, किती झाला की रुग्णालय गाठायचे, गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि जीव धोक्यात येतो, हे सांगायला बहुतेक वेळा कोणी नसते. वाशी, नेरुळ, ऐरोली इथे महापालिकेची रुग्णालये आहेत, पण तिथल्या रांगेत ओळखीचे कोणी भेटेल ही धास्तीही आहे.

मग डॉक्टरने व्हिडिओ कॉलवर विचारपूस करून, तपासून, औषध लिहून दिले तर? कायद्याला याचे नेमके उत्तर देता येत नाही. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ मध्ये दिलेल्या अहवालावर तो उभा आहे. तेव्हा गर्भपात म्हणजे शस्त्रक्रिया, म्हणून डॉक्टर आणि जागा दोन्ही ठरवून दिल्या गेल्या. गर्भपाताच्या मिफेप्रिस्टोन या गोळीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षीच्या नियमांनी पात्र डॉक्टरला स्वतःच्या दवाखान्यातून सात आठवड्यांपर्यंत गोळ्या देण्याची मुभा दिली. २०२१ मध्ये ही मुदत नऊ आठवडे झाली. टाळेबंदी जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली, पण त्यांत गर्भपाताचा स्पष्ट उल्लेख नाही. दुसरीकडे, कायद्याच्या चौकटीबाहेर स्वतः गोळी घेणारी स्त्री भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली गुन्हेगार ठरू शकते.

कायद्यातल्या या पोकळीखाली एक जुना नैतिक प्रश्न आहे. गोळी तिने घेतली, लिहून दिली पडद्यावरच्या डॉक्टरने, आणून दिली कुरियरवाल्याने. मग हे कर्म कोणाचे?

जैन विचाराने हिंसेचा हिशेब मांडताना कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भाग केले आहेत : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच विभागणी आहे. तिच्यात अंतराला स्थान नाही. डॉक्टर खोलीत आहे की चाळीस किलोमीटरवर, याने त्याचा वाटा बदलत नाही. म्हणून ‘दुरून दिले की जबाबदारी सुटते’ हा आक्षेप टिकत नाही. पण हाच हिशेब पुढे नेला, तर काहीही न विचारता पाकीट विकणारा, तिला एकटी सोडणारा जोडीदार आणि डॉक्टरचा मार्ग अडवून तिला चोरवाटेला लावणारी व्यवस्था यांच्या नावावरही काही जमा होते. तिच्या शरीराला होणारी इजा हीसुद्धा हिंसाच आहे. गर्भाचा विचार करताना ती खात्यातून वगळता येत नाही.

गर्भात जीव केव्हा येतो, यावर परंपरांचे एकमत नाही. चरकसंहितेत शुक्र, शोणित आणि जीव एकत्र आले की गर्भ होतो. सुश्रुताने चौथ्या महिन्यात चेतना प्रकट होते असे मानले, तर गर्भोपनिषदाने जीवाचा संयोग सातव्या महिन्यात धरला. इस्लामी विद्वानांपैकी अनेकांनी १२० दिवसांची मर्यादा मानली. कॅथलिक चर्चच्या शिकवणीनुसार गर्भधारणेपासूनच मानवी जीवनाला संरक्षण हवे. धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला घोर पातकांत गणले, हेही खरे. ज्याची श्रद्धा गोळीला नकार देते, त्याच्या नकाराचा मान राखलाच पाहिजे. पण या सगळ्या परंपरांना मानणारी माणसे जिथे शेजारी राहतात, तिथे सरकारने त्यांतले एकच उत्तर सर्वांवर लादणे न्यायाचे नाही. बाईला आधाराविना सोडू नये, एवढी अपेक्षा मात्र सर्वांकडून करता येते.

महाराष्ट्राने ही अपेक्षा पूर्वी पूर्ण करून दाखवली आहे. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर विधवेने तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे. तिथे गुप्तताही होती आणि माणसेही होती. फुल्यांना जीव वाचवायचे होते आणि त्यांनी त्याची सुरुवात बाईला दोष देण्यापासून केली नाही. गर्भपाताबद्दल त्यांचे मत काय असते, हे त्यातून काढता येणार नाही. पण लपवावे लागणाऱ्या बाईजवळ कोणीतरी असले पाहिजे, ही त्यांची कृती आजच्या पडद्यालाही मोजमाप देते.

पडद्याचा धोका खोटा नाही. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात सिझेरियननंतर पुन्हा आजारी पडलेल्या बाईवर फोनवरच्या सूचनांनुसार उपचार झाले. डॉक्टर बाहेरगावी होते, रुग्णालयात दुसरा डॉक्टर नव्हता, बाई दगावली. मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन फेटाळला आणि निदानाशिवाय औषध देण्यावर कठोर ताशेरे ओढले. त्या घटनेत उणीव होती ती बाईजवळ धावून जाणाऱ्या डॉक्टरची. फोन असण्याने ती भरून निघाली नाही.

दुसरी भीती लिंगनिवडीची. महाराष्ट्रात ती पोकळ नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये तर त्याहून बऱ्याच कमी. बीड जिल्ह्यातल्या परळीच्या बेकायदा लिंगनिवडी गर्भपातांच्या प्रकरणानंतर २०१२ पासून प्रशासनाची नजर या गोळ्यांवरही वळली. पण सोनोग्राफीत लिंग साधारण बारा-तेरा आठवड्यांनंतरच कळू शकते आणि गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांत संपते. गुन्हा सोनोग्राफीच्या खोलीत होतो. तिथला पहारा ढिला ठेवून मेडिकलवर धाड टाकली, तर त्रास होतो तो लवकर निर्णय घेणाऱ्या बाईला.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत टेलिमेडिसिनद्वारे अशा गोळ्या देण्याची शिफारस केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये साथीतली ही तात्पुरती सोय त्याच वर्षी कायद्याने कायम झाली. भारतात यासाठी नवा कायदाही नको, नियमांत थोडी भर पुरेशी आहे. पात्र डॉक्टरचा व्हिडिओ सल्ला मान्य करावा. गर्भ किती आठवड्यांचा याबद्दल शंका असेल, किंवा नळीतल्या गर्भाची लक्षणे असतील, तर सोनोग्राफी सक्तीची असावी. बाई एकटी असताना तिच्याशी बोलूनच संमती घेतली जावी, म्हणजे घरचा दबाव ओळखता येईल. चोवीस तास उचलला जाणारा फोन आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव पाकिटाबरोबर लिहून मिळावे, आणि गुंतागुंत घेऊन आलेल्या बाईवर पोलिसांची चौकशी सुरू होण्याआधी उपचार सुरू व्हावेत.