दोर धरणारा

९ एप्रिल २०२४. मंगळवार. गुढीपाडव्याचा दिवस. पुनरुत्थानाचा सण होऊन नऊच दिवस झाले होते. त्या दिवशी विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. चौघेही तरुण होते. आधी उतरलेले वर आले नाहीत, म्हणून त्यांना पाहायला मागचे उतरले आणि तेही परतले नाहीत.

ही आपल्या भागातील पहिलीच घटना नव्हती. मे २०१९ मध्ये नालासोपाऱ्यात एका इमारतीच्या सेप्टिक टँकमध्ये तिघांचा असाच अंत झाला होता. अशी बातमी आली की आपण हळहळतो, दोन दिवस बोलतो आणि विसरतो. आज मात्र या बातमीतील एका वाक्यापाशी थोडे थांबू या : ‘त्याला वाचवायला दुसरा उतरला.’

या वाक्यात फार मोठे प्रेम आहे. मित्रासाठी स्वतःचा जीव देणाऱ्याच्या प्रेमाला प्रभू येशूने सर्वांत वरची पायरी दिली आहे. टाकीच्या तोंडाशी उभा असलेला तो दुसरा कामगार कदाचित आपला ख्रिस्त जाणत नसेल, पण त्या क्षणी त्याने हिशेब केला नाही. सोबती आत पडला आहे एवढेच त्याला दिसले. त्या प्रेमापुढे आपण मान लववलीच पाहिजे.

आणि तरीही बंद जागेत सुरक्षितपणे काम करण्याचे जे प्रशिक्षण असते, त्यात कामगाराला नेमके उलटे शिकवले जाते. आत गेलेला माणूस कोसळला तर बाहेरच्याने त्याच्यामागे उतरायचे नाही. मग तो मित्र असो, भाऊ असो वा बाप. हे शिक्षण निर्दय आहे का? प्रभूच्या शिकवणीशी ते विसंगत आहे का? आमच्या मनात हा प्रश्न बरेच दिवस घोळत आहे.

टाकीत काय घडते?

आधी हे समजून घेऊ या. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २०.९ टक्के प्राणवायू असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा माणसासाठी असुरक्षित समजतात. बंद टाकीत मैला कुजताना प्राणवायू संपत जातो आणि त्याची जागा दुसरे वायू घेतात. त्यांतील मिथेन ठिणगीने पेट घेतो. सर्वांत घातक तो हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेले की तो आपले नाकच बधिर करतो. कामगाराला वाटते वास गेला, हवा सुटली. खरे तर मरण तेव्हाच जवळ आलेले असते. प्रमाण हजाराच्या घरात गेले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि गाळात दडून राहतो. गाळ ढवळला की तो एकदम वर येतो.

म्हणजे पहिल्याला जी हवा पाडते, तीच हवा दुसऱ्याची वाट पाहत असते. दुसऱ्याचे धैर्य तिला कळत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. अमेरिकेतील ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९८६ साली सांगितले होते की, बंद जागांतील मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू हे वाचवायला गेलेल्यांचे असतात. टाकी ज्याला गिळते तो बहुधा सोबत्यावर माया करणारा असतो.

आपल्या वाडवडिलांना याची थोडी जाण होती. विहिरीचा गाळ काढायचा असला की जाणती माणसे आधी पेटता कंदील दोराने खाली सोडत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. (सेप्टिक टँकवर हा उपाय कोणीही करू नये. तेथे मिथेनचा भडका उडू शकतो आणि हायड्रोजन सल्फाइडचा पत्ता कंदिलाला लागत नाही.) कंदील सोडणारी ती माणसे भित्री होती असे कोणी म्हटले नाही.

यिर्मयाला कोणी वर काढले?

पवित्र शास्त्रात एका बंद जागेची गोष्ट आहे. यिर्मया संदेष्ट्याला त्याच्या शत्रूंनी एका हौदात सोडले. हौदात पाणी नव्हते, नुसता चिखल होता आणि यिर्मया त्या चिखलात रुतला. राजवाड्यात एबद-मलेख नावाचा एक कूशी, म्हणजे परदेशी सेवक होता. ही बातमी त्याच्या कानी गेली. त्याने काय केले? तो धावत गेला, पण हौदाकडे नव्हे. तो आधी राजाकडे गेला आणि जे चालले आहे ते अन्यायाचे आहे असे त्याने राजाला तोंडावर सांगितले. परवानगी घेतली. सोबत माणसे घेतली. मग कोठारातून जुनी कापडे आणि चिंध्या घेतल्या आणि त्या दोरांनी हौदात सोडल्या. दोर काखेत रुतू नये म्हणून चिंध्या दोराखाली, बगलेत धर, असे त्याने यिर्मयाला सांगितले. मग सर्वांनी मिळून त्याला वर ओढले.

एबद-मलेखने हौदात उडी घेतली असती तर चिखलात दोघे रुतले असते. तो वर राहिला म्हणून यिर्मया वाचला. आणि वर राहिला तो स्वतःला जपण्यासाठी नव्हे. राजाशी बोलताना त्याने जीव धोक्यात घातलाच होता. त्याचे प्रेम डोळस होते. दुसऱ्याच्या बगलेला दोर काचेल, इथपर्यंत त्याने विचार केला होता.

आज बंद जागेच्या प्रशिक्षणात हेच तर शिकवतात. उतरण्याआधी लेखी परवाना. टाकीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या हवेची यंत्राने तपासणी आणि काम चालू असेपर्यंत ती तपासणी चालू. पंख्याने ताजी हवा आत सोडणे. उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा, पट्ट्याला दोर आणि टाकीच्या तोंडावर तिपाई व कप्पी. कारण बेशुद्ध माणसाला दोन फुटांच्या तोंडातून नुसत्या हातांनी वर काढता येत नाही. आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे : बाहेर एक माणूस, ज्याचे दुसरे कोणतेही काम नाही. त्याने दोर सोडायचा नाही, तेथून हलायचे नाही आणि काही झाले तरी आत उतरायचे नाही.

तेव्हा आमच्या मनातील प्रश्नाचे उत्तर असे : हे शिक्षण निर्दय नाही. प्रेम आंधळेपणाने मरू नये म्हणून त्याला दिलेले ते डोळे आहेत. परंतु त्यात एक अट आहे. ‘उतरू नकोस’ असे कामगाराला सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने त्याच्या हाती दोर दिला आहे. दोर नाही, पट्टा नाही, यंत्र नाही, आणि आत भाऊ तडफडतो आहे. अशा माणसाला आपण कोणत्या तोंडाने सांगणार की, बाबा, तू शिस्त पाळ? त्याने उडी घेतली तो दोष त्याचा नाही. उडीवाचून दुसरे काहीच त्याच्यासाठी ठेवले नाही, त्यांचा तो दोष आहे.

ते ‘ते’ कोण?

ठेकेदार, असे आपण चटकन म्हणू. ठेकेदार जबाबदार आहेच. परंतु पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात एक वेगळा विचार मांडला. कामगाराला प्रत्यक्ष मजुरी देणारा एक मालक असतो आणि त्याच्या पाठीमागे एक अप्रत्यक्ष मालक असतो : शासन, संस्था, नियम, व्यवहाराच्या रीती, म्हणजे काम कोणत्या परिस्थितीत होईल हे ठरवणारे सर्व जण. त्यांनाही नैतिक जबाबदारी चुकवता येत नाही. हा विचार आपल्या दारापर्यंत आणला तर त्या दुसऱ्या मालकांत आपणही दिसतो. सोसायटीच्या सभेत ‘सर्वांत कमी दर कोणाचा?’ एवढेच विचारून हात वर करणारे आपणच असतो.

आम्ही हे दुसऱ्यांना सांगत नाही, स्वतःविषयी सांगत आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीत एका घरची टाकी भरली. टँकर आला. पाइपाने वरचे पाणी ओढले गेले, तळाचा गाळ काही निघेना. टँकरसोबत आलेल्या पोऱ्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो आत उतरला. आम्ही नाकाला रुमाल लावून लांब उभे राहिलो. त्याच्या कमरेला दोर नव्हता, हे आमच्या लक्षातही आले नाही. दोनशे रुपये कमी करा म्हणून घासाघीस मात्र आम्ही केली. तो सुखरूप वर आला, ही देवाची दया; त्यात आमचे काही नव्हते. त्याचे नाव आम्ही विचारले नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही मिस्साला गेलो, कम्युनियन घेतले. त्या पोऱ्याची आठवण झाली नाही. पाप हे केवळ आपण जे करतो त्यानेच नव्हे, तर जे करायचे टाळतो त्यानेही घडते, हे आपण दर मिस्साच्या आरंभी कबूल करतो. आमच्या टाळण्याचे ओझे त्या दिवशी त्या पोऱ्याने वाहिले.

देवाने मोशेद्वारे दिलेल्या नियमांत घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे : नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. पडणारा बेसावध होता का, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. घर ज्याचे, कठडा त्याने बांधायचा. आपल्या अंगणातल्या टाकीलाही हाच नियम लागू आहे असे आम्हांला वाटते.

देशाच्या कायद्यानेही हे सांगून ठेवले आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ३६ व्या कलमात कारखान्यातील बंद जागांसाठी अट होती : एक तर जाणकाराने स्वतः तपासून तेथे घातक वायू नसल्याचे लेखी द्यावे, नाहीतर आत जाणाऱ्याला श्वसनाचे साधन आणि कमरेला दोर असावा व दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांशिवाय सफाईला लावण्यावर बंदी घातली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. सहा महिन्यांच्या आत विरारची घटना घडली. न्यायालय भरपाई ठरवू शकते, दोर मात्र आपल्यालाच धरावा लागतो.

‘इतकी वर्षे उतरतात, काही होत नाही’ आणि काही झालेच तर ‘त्याची वेळ भरली होती’, ही दोन वाक्ये आपल्याकडे फार सहज बोलली जातात. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन ‘खाली उडी टाक, देवदूत झेलतील’ असे सुचवले, तेव्हा प्रभूने ते नाकारले. देवावर श्रद्धा ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे. आपण तर त्याहून वाईट करतो. परीक्षा देवाची पाहतो आणि उडी दुसऱ्याला घ्यायला लावतो.

आपण काय करू शकतो?

फार मोठे काही नाही. घरची, सोसायटीची, शाळेची, सभागृहाची टाकी उपसायची असेल तेव्हा ठरवतानाच सांगावे : काम यंत्राने होईल, माणूस आत उतरणार नाही. त्यासाठी जास्त पैसे लागले तर द्यावेत. उतरणे अटळ आहे असे कोणी म्हणाला तर हवा तपासायचे यंत्र, पट्टा, दोर, तिपाई आणि शिकलेली माणसे दाखव म्हणावे; नसतील तर टँकर परत पाठवावा. कोणी आत कोसळलाच तर कोणालाही मागे उतरू देऊ नये. १०१ वर अग्निशमन दलाला तातडीने बोलवावे. वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत सुपरवायझर असलेले आपले बांधव, बोटीच्या पोटातला मासळीचा कप्पा धुवायला पोरे उतरवणारे आपले कोळी बांधव, यांनाही हे लागू आहे. मासळी कुजली की तेथेही तोच वायू तयार होतो. लहान ख्रिस्ती समूहांच्या येत्या बैठकीत या विषयावर अर्धा तास बोलावे, अशी आमची विनंती आहे.

आणि टँकरसोबत येणाऱ्या माणसाचे नाव विचारावे. नाव माहीत असलेल्या माणसाला दोराशिवाय खाली सोडणे कठीण जाते.

प्रभू येशू आपल्यासाठी मरणाच्या खोल जागेत उतरला. त्याने ते एकदाच आणि सर्वांसाठी केले, म्हणजे दुसऱ्या कोणाला आपण तेथे ढकलू नये. विरारचे ते चौघे आणि नालासोपाऱ्याचे ते तिघे यांच्या आत्म्यांना चिरशांती लाभो. त्यांच्या घरच्यांना धीर मिळो. आणि काठावर उभे असलेल्या आम्हांला, हे प्रभो, दोर धरण्याची बुद्धी दे. आमेन.