रिकामा डबा

दिवाळीत शेजारून आलेला फराळाचा डबा आपण रिकामा परत करत नाही. निदान चार शंकरपाळ्या तरी घालतो. भेट परतफेड मागतेच, हे मार्सेल मॉसने १९२५ साली मांडलं. आमच्या बीडमध्ये याच दिवसांत ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे दारांना कुलपं, म्हणून डब्यांच्या या देवघेवीत ती घरं नसतात. जाताना त्यांना लाडू द्यावेत, जरूर द्यावेत. पण ती भेट म्हणावी का? करंजीतली पिठीसाखर अशाच हातांनी तोडलेल्या उसाची. म्हणजे पहिला डबा तिकडून आला; परतफेड आपल्याकडे थकली आहे. ती लाडवांनी फिटत नाही, तोडणीच्या रास्त दराने फिटते.