वाट आधी कोणाची?

॥ श्रीज्ञानेश्वरमाउली समर्थ ॥

सज्जनहो, 'पर्यटन' हा शब्द अलीकडे खेड्यापाड्यांत पोचला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या लहानशा गावीसुद्धा देवळाच्या पंचमंडळींच्या तोंडी तो आता सहज येतो. आमच्या लहानपणी यात्रा होती, वारी होती, जत्रा होती, पर्यटन नव्हते. व्याकरणाने पाहिले तर 'अट्' धातूचा अर्थ हिंडणे, आणि 'परि' म्हणजे भोवती. भोवती हिंडणे ते पर्यटन. 'या' धातूपासून यात्रा झाली, तिचा अर्थ जाणे, पोचणे. हिंडणाऱ्याला पोचायचे असतेच असे नाही; यात्रेकरूला मात्र पोचल्यावाचून चैन पडत नाही. असो. शब्दाशी आमचे भांडण नाही. गावात चार पाहुणे आले, चहावाल्याचे दूध खपले, बचत गटाच्या बायांची शेवई विकली गेली, तर वाईट काय? आमचे म्हणणे एवढेच की, पाहुणे येऊ लागले म्हणजे कोण आत पोचतो आणि कोण पायरीशी अडतो, हेही त्याच पंचांनी पाहिले पाहिजे.

आणि हे पाहायला वर्धेसारखा दुसरा जिल्हा नाही. वर्धा शहरातले लक्ष्मीनारायणाचे मंदिर बजाज घराण्याचे. शेठ जमनालालजींनी 1928 च्या जुलैत ते अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या बांधवांस खुले केले. देशात असे खुले झालेले पहिले मंदिर म्हणून त्याचे नाव घेतात. सनातनी मंडळी रुसली, बोलली. पण दार पुन्हा लागले नाही. पंढरीच्या पांडुरंगाचे दार उघडायला त्यानंतर एकोणीस वर्षे लागली, आणि त्यासाठी 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आम्ही वारकरी समतेचा गजर मोठ्याने करतो, पण चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का आहे, हे सांगताना आमचा आवाज खाली जातो. विनोबाजी 1921 साली वर्धेस आले आणि पुढे पवनारला धाम नदीच्या काठी राहिले. हरिजन बांधवांना घेऊन वैद्यनाथधामास गेले, तेव्हा 1953 मध्ये त्यांना मार खावा लागला. आणि 1958 च्या मे महिन्यात वेगवेगळ्या धर्मांच्या सहकाऱ्यांसह त्यांनी पंढरीस विठ्ठलाचे दर्शन घेतले. म्हणजे देवाचे दार कोणासाठी उघडावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर ह्या जिल्ह्याच्या मातीने दिले आहे. उरलेले अर्धे पायरीपाशी अडले आहे.

मागे ह्याच जिल्ह्यात एका गावी आमचे कीर्तन होते. गावाचे नाव सांगत नाही, कारण तसली गावे पुष्कळ आहेत. देऊळ जुने, जोते उंच, चढायला सात पायऱ्या. कीर्तन आत सभामंडपात, आणि खाली लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ गळ्यात वीणा घालून बसलेले. तीस वर्षांचे ते विणेकरी. गुडघे गेले, मग पक्षाघाताने एक पाय गेला. आम्ही म्हटले, "आबाजी, वर चला, पोरं धरतील." ते म्हणाले, "महाराज, पंढरीले बावीस वाऱ्या केल्या. पन ह्या सात पायऱ्या काही सरत नाहीत. पोरं उचलतात, पोत्यावानी. एकदा उचलू देल्लं, आता नाही. देव मले झांजेतूनच भेटते." त्याच रात्री पंचांची बैठक झाली. गावात पर्यटक यावेत म्हणून वेशीवर कमान आणि देवळाला रंगीत दिवे, असा विषय होता. वर्गणीचा आकडाही ठरला. विणेकरीबुवांचा विषय कोणी काढला नाही. काढायचा असतो, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

आता कोणी म्हणेल, महाराज, देव तर भावाचा भुकेला आहे. मनाने दर्शन घेतले तरी पावते. हे खरे आहे, आणि आम्ही स्वतः हजार वेळा सांगितले आहे. पण हे कोणी कोणाला सांगावे? पायरीशी बसलेल्याने स्वतःच्या मनाची समजूत घातली तर ती भक्ती होय. वर बसलेल्याने तेच खालच्याला सांगितले तर ती सबब होय. चोखोबांनाही लोक हेच सांगत होते ना, की बाहेरून कळस पाहा, तुला पुरे?

दुसरी सबब कूर्मदासाच्या कथेची. ही कथा आमच्या संप्रदायात घरोघर ठाऊक आहे. महिपतीबुवांनीही ती गायिली आहे. कूर्मदास पैठणचा. हातापायांनी अपंग. कीर्तनात पंढरीचे माहात्म्य ऐकले आणि निघाला. चालता येत नाही, तर पोटाने सरपटत, लोळत. दिवसाकाठी थोडकी वाट सरे. मुक्कामाला कोणी भाकर घाली, कोणी पाणी पाजी. असे महिने गेले. एकादशी तोंडावर आली तेव्हा तो लऊळ गावी, हल्लीच्या सोलापूर जिल्ह्यात, येऊन थकला. पंढरी जवळ, पण त्याच्या शरीराला फार दूर. वारकऱ्यांच्या हाती त्याने निरोप धाडला: देवा, मला येववत नाही, तूच ये. आणि देव विटेवरून उतरून ज्ञानदेव-नामदेवांसह लऊळास आला. आजही तिथे कूर्मदासाचे मंदिर आहे.

ही कथा सांगून काही मंडळी म्हणतात, पाहा, अपंगाकडे देव स्वतः येतो, त्याला पायऱ्यांची काय चिंता! अहो, कथेचा अर्थ असा उलटा काय लावता? देव आला, याचा अर्थ देवाने आपली जागा सोडली. त्याने कूर्मदासाला 'आणखी थोडे सरपटत ये' म्हटले नाही. मग देवाचे म्हणवणारे आपण, आपले जोते तेवढे जागचे हलवायचे नाही म्हणतो, हे कोणत्या न्यायाने? शिवाय वाटेत रोज भाकर घालणारे ते अनाम गावकरी कथेतून वगळले तर कूर्मदास लऊळापर्यंतही पोचत नाही. त्या गावांना वाटेवरचा माणूस आपला वाटला, म्हणून तो पुढे सरकला. सरकारी कागदात हल्ली 'लोकसहभाग' म्हणतात, तो हाच.

संस्कृत पाठशाळेत आम्ही महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राचे आख्यान शिकलो. आठ ठिकाणी वाकडा देह, वय कोवळे. जनकाच्या यज्ञाला निघाला असता वाटेत राजाची स्वारी आडवी आली. तेव्हा त्या पोराने राजाला वाटेचा क्रम ऐकवला. त्या क्रमात आंधळा पहिला आहे, मग बहिरा, मग स्त्री, मग ओझे वाहणारा, आणि त्यानंतर राजा. पुढे ब्राह्मणाला सर्वांच्या वर ठेवले आहे तेही आम्ही लपवीत नाही. ग्रंथ त्याच्या काळाचा आहे. पण आंधळा आणि बहिरा राजाच्या आधी आहेत, हे विसरू नये. आणि जनकाने काय केले? वाट दिली. भारताच्या संसदेने 2016 साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, त्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे, आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्या असे बंधन घातले आहे. 2011 च्या शिरगणतीत देशात 2 कोटी 68 लाखांहून अधिक असे बांधव मोजले गेले. 'दिव्यांग' हा शब्द मोठा गोड आहे. पायरी मात्र तेवढीच उंच राहिली आहे.

आता व्यवहाराचे बोलू. उतार बांधण्याचे माप गवंड्याला समजेल असे आहे: एक फूट चढायचे तर बारा फूट लांबी. सात पायऱ्या, प्रत्येकी अर्धा फूट, म्हणजे साडेतीन फूट उंची. तर उतार 42 फूट. एका बाजूने सरळ जागा नसेल तर मध्ये विसाव्याला सपाट जागा ठेवून वळवावा. दोन्ही अंगांना धरायला कठडा. दार तीन फूट रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची सुखाने जाते. कमानीला लागणाऱ्या पैशात हे बसते की नाही, पंचांनीच हिशेब करावा. उतार फार उभा केला तर ती घसरगुंडी होते, हे मात्र लक्षात असू द्या. पुष्कळ ठिकाणी तसाच करून ठेवतात आणि वर 'दिव्यांगांसाठी' अशी पाटी लावतात.

सेवाग्रामसारख्या ठिकाणी मातीच्या जुन्या कुट्या आहेत. तिथे सिमेंट ओतून चालणार नाही; अशा वास्तूंना उचलून ठेवता येईल असा लाकडी उतार पुरतो. त्याच आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. शास्त्री संस्कृताचे पंडित, कुष्ठरोगाने ग्रासलेले. लोक ज्याची सावली टाळीत त्याच्या अंगाला गांधीजी स्वतःच्या हाताने मालिश करीत. वर्धेजवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने 1936 मध्ये कुष्ठसेवेचे काम उभे केले. ह्या जिल्ह्याने हे पाहिले आहे, म्हणून एक गोष्ट इथे सांगतो जी दुसरीकडे सुचत नाही. कुष्ठरोगाने ज्याच्या तळपायाची संवेदना गेली, त्याला चटका कळत नाही. आमच्या वर्धेचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. वैशाखात देवळासमोरची फरशी तव्यासारखी तापते. त्यावर तो अनवाणी उभा राहिला तर पाय भाजतो, फोड येतात आणि दोन दिवसांनी जखम दिसते. मधुमेहाच्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचेही तसेच. त्याला स्वच्छ कापडी जोडे घालून आत येऊ द्यावे आणि वाटेवर काथ्याची ओली पट्टी अंथरावी. यात कोणते सोवळे मोडते ते आम्हांस सांगा, आम्ही शास्त्र काढून उत्तर देऊ.

सेलू तालुक्यात बोर नदीच्या काठी घोराड आहे, संत केजाजी महाराजांचे. लोक त्याला विदर्भाची प्रतिपंढरी म्हणतात. प्रतिपंढरी ही कल्पनाच किती सुंदर आहे पाहा. ज्याला पंढरी दूर पडते त्याच्यासाठी पंढरी जवळ आली. वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीमातेचे माहेर, तिथून पालखी पंढरीस जाते. जी माणसे पालखीमागे चालू शकत नाहीत ती माहेरीच माथा टेकतात. म्हणजे ही क्षेत्रे मुळातच थकल्याभागल्यांसाठी आहेत. समुद्रपूर तालुक्यातले गिरड टेकडीवर आहे. शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलतात, आणि नवस बोलणाऱ्यांत आजारी माणूसच अधिक. बरे होण्यासाठी जो आला त्यालाच टेकडी, हे कसे? टेकडी काही खाली आणता येत नाही. पण वर नेणारे वाहन, मध्ये बाकडी, सावली आणि पाणी एवढे तर गावाला करता येते. त्यात गावच्या पोरांना चार पैसेही मिळतील.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे कोणी ठरवावे? काल्याच्या कीर्तनात आम्ही पेंद्याची गोष्ट सांगतो. पायाने अधू, बोलायला बोबडा. पण गोपाळांची शिदोरी एकत्र होते तेव्हा पेंद्याला नुसती वाढत नाहीत, त्याचीही शिदोरी मागून घेतात. काला त्यामुळेच काला होतो. आमच्या समित्यांत दिव्यांग माणूस दान घेणारा म्हणून येतो, शिदोरी देणारा म्हणून कधी येत नाही. उतार कुठे घ्यावा हे त्या विणेकरीबुवांइतके कोणत्या इंजिनियरला कळेल? स्वच्छतागृहाचे दार कोणीकडे उघडावे हे चाकाच्या खुर्चीतली बाई एका मिनिटात सांगेल. पाहुण्यांना गाव दाखवायला माणसे शिकवायची तर एखाद्या अंध मुलाला शिकवा. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज तान्हेपणी दृष्टी गेलेले, आणि त्यांच्या ग्रंथांची संख्या पाहून डोळस पंडित थक्क होतात. गोपुरीच्या गीताई मंदिरात विनोबांची गीताई दगडांवर कोरलेली आहे, वर छप्पर नाही. कोरलेले अक्षर बोटाला लागते. अंध मुलाच्या हाताला धरून ते वाचायला लावा, आणि मग पाहुण्यांना तो काय सांगतो ते ऐका.

आता थोडे आमच्या कीर्तनकार बांधवांस. अंध श्रोता आमच्याकडे सुखी असतो. त्याला विटेवरचे रूप शब्दांनी दाखवता येते, आणि पंढरीस तर पायांवर डोके ठेवून तो ते स्पर्शाने पाहतोच. पण बहिरा श्रोता? तो ओठ पाहून समजून घेतो, आणि आम्ही नाचता नाचता पाठ फिरवतो, किंवा मंडपवाला दिवा आमच्या मागे टांगतो, तेव्हा आमचे तोंड त्याला काळे दिसते. दिवा तोंडावर हवा. अभंगाचे चरण मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहून एखाद्या शाळकरी पोराने शेजारी धरावे. खुणांची भाषा जाणणारा कोणी मिळाला तर त्याला टाळकऱ्यांच्या शेजारी, उजेडात उभा करावा, मागे नव्हे. येत्या चातुर्मासात ज्या गावी आमची सेवा ठरेल, त्यांनी पत्रात पायऱ्या किती ते कळवावे; आम्ही कीर्तन अंगणात लावू, म्हणजे खालचे आणि वरचे एकाच जमिनीवर बसतील.