माजावरचा जीव आणि मचाणावरचा माणूस

शिकार करावी की करू नये, हा वाद फार जुना. आज त्यात शिरायचे नाही. आजचा प्रश्न त्याहून बारीक आहे. मारायचेच ठरले, तरी कोणत्या वेळी मारावे याला काही धर्म आहे की नाही?

उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्क नावाचे थोर हरिण आहे. काश्मिरातल्या हंगुलाच्या भाऊबंदांपैकी. भरला नर ३०० किलोंच्या वर जातो. एरवी हा प्राणी महासावध. माणसाचा वास आला की पसार झालाच म्हणून समजा. पण सप्टेंबरात तो माजावर येतो. चाऱ्यावरची वासना उडते, शीळ घालून तो दुसऱ्या नरांना ललकारतो, चिखलात लोळतो. शिकारी हे जाणून असतो. लोळणीच्या डबक्याजवळ झाड हेरून १५-२० फुटांवर तो मचाण बांधतो. डोंगरात ऊन तापले की वारा वर चढतो, सांजेला खाली उतरतो. तेही पाहून जागा धरतो. मग धनुष्य घेऊन तासन् तास निश्चल बसतो आणि हुबेहूब मादीचा आवाज काढतो. नर त्या ओढीने आपल्या पायांनी येतो.

शिकाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्या परवान्याच्या पैशावर रानांची राखण होते. मांस टाकून दिले तर अनेक राज्यांत गुन्हा ठरतो. धनुष्यवाले बहुतेक रिकाम्या हातीच परततात. कळप बेसुमार वाढला की रान उजाड होते, हेही खरे. यलोस्टोनच्या रानातले लांडगे माणसाने १९२६ पर्यंत संपवले, आणि १९९५ साली ते बाहेरून आणून सोडावे लागले.

पण बघा, कळप आवरायचा तर माद्या कमी कराव्या लागतात. एक नर गेला तर दुसरा त्याची जागा घेतो. घरी मांस हवे म्हणाल, तर माज ओसरल्यावरही शिकारीचा हंगाम असतोच. मग सप्टेंबरच का? पुष्कळदा उत्तर एकच: मोठ्या शिंगांचा नर तेव्हाच भुलतो.

महाभारतात पांडुराजाने रतिमग्न मृगाला बाण मारला. तो मृगरूपातला किंदम ऋषी होता. राजा म्हणाला, मृगया हा राजांचा धर्मच आहे. ऋषीने ते नाकारले नाही. मारलेस याचा दोष देत नाही, पण थोडा थांबला का नाहीस, एवढेच त्याचे म्हणणे होते. आणि पांडूने निदान खोटी हाक तरी घातली नव्हती!

मचाणावरच्या माणसाजवळ संयम थोडा नाही. तो श्वाससुद्धा आवरून धरतो. समोरचा जीव मात्र स्वतःच्या ताब्यात नसतो. आपला संयम दुसऱ्याच्या बेभानपणावर टपून बसण्यासाठीच वापरायचा, त्याला संयम कसे म्हणावे? एका पायावर बगळाही उभा राहतो.

मांसाची गरज महिनाभर थांबू शकते. ज्याला थांबवत नाही, त्याने आपल्याला मांस हवे होते की शिंगे, हे स्वतःलाच विचारावे.