शिकार, हलाल आणि कायदा

पुण्याच्या आसपासच्या माळरानांवरील तितर, लावा आणि ससे एके काळी अनेक घरांच्या दस्तरखानाची शोभा होते. आजही थंडीच्या दिवसांत प्रश्न येतो, 'इमामसाहेब, शरीअतने हलाल केलेली वस्तू सरकारच्या कायद्याने हराम कशी होईल?' प्रश्न दिसतो तितका भोळा नाही. पुष्कळदा विचारणाऱ्याने मागणी आधीच नोंदविलेली असते.

ससा हलाल आहे, यात शंका नाही. ह. अबू तल्हा (रजि.) यांनी पाठविलेले सशाचे मांस आदरणीय प्रेषितांनी (स.) स्वीकारल्याचे सहीह बुखारीत आले आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही त्याला हराम म्हणत नाही. तो शिकारीला मनाई करतो. हलाल म्हणजे परवानगी, आज्ञा नव्हे. ससा न खाल्ल्याने कोणतेही कर्तव्य चुकत नाही.

शिवाय हलाल प्राण्याच्या शिकारीस मनाई ही शरीअतला अपरिचित गोष्ट नाही. एहरामधारी श्रद्धावंतांची परीक्षा अल्लाहने त्यांच्या हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आलेल्या शिकारीनेच घेतली. मक्केच्या हरमच्या हद्दीत तर सावज हुसकावण्यासही बंदी आहे. 'ती मनाई अल्लाहची, ही सरकारची', हा आक्षेप रास्त आहे. कोणतेही सरकार हलालचे हराम करू शकत नाही. पण जे करण्याची केवळ मुभा आहे, ते सर्वांच्या हितासाठी सोडण्यास सांगितले, तर ते पाळणे हा आपल्या नागरिकत्वाच्या कराराचा भाग ठरतो. आणि एहरामातील शिकारीची मनाई सांगणाऱ्या सूरह अल-माइदाचा प्रारंभच करार पाळण्याच्या आज्ञेने होतो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात, सुमारे पाच चौरस किलोमीटरच्या माळावर चिंकारा सांभाळला जातो. त्याचेही मांस हलालच. प्रत्येकाने आपली मुभा वापरायची ठरविली, तर तो माळ किती दिवस पुरेल?

मला अधिक बोचते ते वेगळेच. हुदैबियाच्या प्रवासात ह. अबू कतादा (रजि.) एहरामात नव्हते, त्यांनी रानगाढवाची शिकार केली. एहरामातील सोबत्यांनी ते मांस खावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की, तुमच्यापैकी कोणी त्यांना शिकार करायला सांगितले होते काय, किंवा बोट तरी दाखविले होते काय? उत्तर 'नाही' आले, म्हणून परवानगी मिळाली. 'या रविवारी चार तितर पाहिजेत' असे फोनवरून सांगणाऱ्याने हा प्रसंग लक्षपूर्वक वाचावा.

फास लावणारा बहुधा गरीब असतो. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, तरी फासेपारध्याच्या पालावर संशय आजही आधी पोहोचतो. शिकारीच्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असे मांस विकत घेणेही गुन्हाच आहे. पण पकडला जातो तो जाळेवाला, जिभेचे चोचले पुरविणारा सहसा नाही. उपासमारीने जीव जाण्याची वेळ आली, तर शरीअतचा हुकूम वेगळा आहे. मोमीनपुऱ्यात किंवा कोंढव्यात तितरावाचून कोणी उपाशी राहिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.