होडीवरची कॉफी आणि अपरिग्रह

तापीकाठच्या कतारगामहून पाहिलं तर कॉफीचा प्रश्न जुनाच. मोगलकाळी सुरत बंदरातून हाजी मक्केला निघत, सुरतेचे व्यापारी येमेनच्या मोखा बंदराशी व्यापार करत. येमेनी सूफींनी कॉफी रात्रीच्या जिक्रात (नामस्मरणात) जागं राहण्यासाठी जवळ केली. १५११ मध्ये मक्केत तिच्यावर बंदीही आली. साधनेला आधार, की नशा?

होडीवर कॉफी करायची तर तो प्रश्न भांड्यापाशी येतो: कोणतं ठेवायचं, कोणतं सोडायचं?

विजेचं यंत्र बॅटरी खातं. काचेचं भांडं पहिल्या मोठ्या लाटेला गेलंच म्हणून समजा! जैन श्रावकाचं अपरिग्रहाचं व्रत परिग्रहाला, म्हणजे वस्तूंच्या साठ्याला, मर्यादा घालतं. होडीतली अरुंद फळी तेच काम बिनउपदेशाने करते. उरतो स्टीलचा मोका पॉट, तोही कठडा असलेल्या शेगडीवर. १९३३ साली इटलीत जन्मलेल्या या भांड्याचं नाव मोखा बंदरावरूनच आलं आहे.